गाडी पूर्ण आली का?

ऑगस्टातल्या एका रविवारी कुसगावच्या मंगल कार्यालयात, वरच्या मजल्यावर, दोन इंजिनं समोरासमोर धडकली आणि टेबलावरून साडेतीन फूट खाली फरशीवर पडली. कुणाला लागलं नाही, कारण इंजिनं वीतभर लांबीची होती. पण विठ्ठलभाऊ जे खुर्चीत बसले, ते अर्धा तास उठले नाहीत.

विठ्ठलभाऊंचा उभा जन्म खंडाळ्याच्या घाटात इंजिन चालवण्यात गेला होता. कर्जतहून चढणाऱ्या गाडीला मागून रेटा द्यायचा, तिला लोणावळ्याला आणून सोडायचं, की पुन्हा खाली पुढच्या गाडीकडे. नोकरीची शेवटची काही वर्षं पुण्याकडच्या मालगाड्यांवर गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी धाकट्या भावाकडून या कार्यालयाचा वरचा मजला मागून घेतला. लोक हल्ली लग्नं रिसॉर्टात लावतात, त्यामुळे मजला पडूनच होता. आठ वर्षं खपून त्यांनी तिथे सगळा घाट उभा केला. बासष्ट फूट लांब टेबलं, थर्माकोल आणि प्लास्टरचे डोंगर, बोगदे, दरीवरचे पूल, वर लोणावळ्याचं यार्ड, आणि त्याच्या पुढे भातखाचरांतून कामशेतपर्यंत गेलेली लाइन. चौदा गाड्या होत्या, आणि गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर घेणारे सांधे सत्तर. याला कुणी खेळणं म्हटलं, तर भाऊ त्याला चहासुद्धा विचारत नसत.

हे सगळं चालायचं हाताने. घाटाची बटणं भाऊंकडे. लोणावळ्याचं यार्ड रुपालीकडे; ती तळेगावच्या एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करायची आणि रविवारी सुट्टी असली की इथे यायची. आणि कामशेतची बाजू बयाबाईकडे.

बयाबाई वडिवळ्याची. नवरा रेल्वेत गँगमन होता. तो गेल्यावर तिला त्याच्या जागी घेतलं आणि कामशेतजवळच्या एका फाटकावर नेमलं. चोवीस वर्षं तिने ते फाटक सांभाळलं. मग तिथे पूल झाला, फाटक गेलं, आणि नोकरीची उरलेली दोन वर्षं तिने एका ऑफिसात फायली इकडून तिकडे नेण्यात काढली. ती दोन वर्षं आधीच्या चोवीस वर्षांहून लांब होती, असं ती सांगायची. विठ्ठलभाऊंची आणि तिची ओळख अशी नव्हतीच. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायच्या रांगेत बँकेत त्यांनी मागे वळून पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही फाटकावरच्या ना? हिरवी झेंडी घेऊन उभ्या असायच्या?" बयाबाई म्हणाली, "आन् तुमी त्येच का, उगाच दोनदोनदा शिट्टी मारनारे?" पुढच्याच रविवारी ती कुसगावात हजर झाली.

तर त्या रविवारी अर्ध्या तासाने भाऊ बोलले.

"चूक माझी. डोळ्यानं दगा दिला. वरचं बटण दाबायचं, खालचं दाबलं." त्यांनी पडलेलं इंजिन मांडीवर घेतलं होतं. "दिवाळीत तीन दिवस लोकांना दाखवायचं कबूल केलंय. शाळांना सांगितलंय. असं धडकाधडकीचं कसं दाखवायचं? आता कॉम्प्युटर आणायचा."

रुपालीचे डोळे चमकले. ती वर्षभर हेच म्हणत होती.

बयाबाई मात्र आपल्या बटणांकडे बघत होती. ती म्हणाली, "मंग आमी काय करायचं?"

भाऊ इंजिनाची चाकं फिरवून बघू लागले.

*

पुढचा महिना पाहणीत गेला. पहिले आले ते ठाण्याचे एक गृहस्थ. त्यांची पद्धत फार सोपी होती. फोनवर नुसतं बोलायचं, की गाडी ऐकते. त्यांनी स्वतः "गाडी नंबर चार, पुढे चला" म्हटलं, आणि गाडी नंबर चार निघाली. भाऊ खूश झाले. फोन बयाबाईच्या हातात दिला.

"चार लंबर, निघ गं," बयाबाई म्हणाली.

गाडी जागची हलली नाही.

"मावशी, जरा स्पष्ट बोला."

"लय शाना हायेस. निघ म्हंते ना! व्हय म्होरं!"

फोनने थोडा विचार केला आणि यार्डातल्या सगळ्या गाड्या एकदम मागे सोडल्या. रुपालीने धावत जाऊन मुख्य बटण बंद केलं. गृहस्थांनी घाम पुसला, चहा घेतला आणि बोरघाट उतरून गेले.

दुसरा आला प्रितम, पुण्याहून. एका परदेशी कंपनीचा माल विकायचा. पोरगा सभ्य होता, हाताचा स्वच्छ होता. एक काळी पेटी, एक टॅबलेट, आणि रुळांखाली बसवायचे, चिप वाचणारे, बोटाच्या पेराएवढे वाचक. प्रत्येक इंजिनाच्या पोटाखाली एक चिप चिकटवायची. इंजिन वरून गेलं की वाचक ते ओळखतो, पेटीला कळवतो, आणि पेटी मागचा रस्ता मोकळा करून मागून येणाऱ्या गाडीला सोडते. सगळं तयार, एका दिवसात बसतं.

तिसरा रस्ता रुपालीचा स्वतःचा होता. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून बनवलेलं एक सॉफ्टवेअर होतं. कुणीही घ्यावं, कुणीही बदलावं. "रुळांचे तुकडे पाडायचे," तिने टेबलावर खडूने रेघा मारून समजावलं. "प्रत्येक तुकड्याची वायर वेगळी. ज्या तुकड्यात वीज खाल्ली जातेय, तिथे गाडी आहे असं कॉम्प्युटर समजणार, आणि तिथे दुसरी गाडी येऊ देणार नाही. पण वायरिंग लई आहे भाऊ. तीन आठवडे तरी."

"प्रितमचं एका दिवसात होतंय," भाऊ म्हणाले.

"मग आधी त्याचं बघू," रुपाली म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला.

प्रितमने शनिवारी सगळं बसवलं आणि रविवारी सकाळी चाचणी घेतली. खरंच देखणं होतं. टॅबलेटवर सगळा घाट हिरव्या-लाल रेषांत दिसत होता. एक एक्स्प्रेस खाली गेली, एक पॅसेंजर वर आली, कुणी कशाला हात न लावता सांधे कटकट करत बदलत होते. भाऊ खुर्चीत मागे टेकून बसले होते.

बयाबाई आपल्या फाटकापाशी उभी होती. तिला काही कामच नव्हतं, कारण फाटकसुद्धा आपोआप पडत होतं. मग अठरा डब्यांची मालगाडी बोगद्यातून बाहेर आली, यार्ड ओलांडून तिच्यासमोरून जायला लागली, आणि जुन्या सवयीने तिचे ओठ हलू लागले. चौदा, पंधरा. पंधरानंतर मोकळा रूळ.

"गाडी तुटली!" ती ओरडली.

प्रितमने टॅबलेटकडे पाहिलं. "नाही मावशी, सगळं हिरवं आहे. मालगाडी पोहोचली."

"आरं कसली पोचली! तीन डबं बोगद्यात हायेत. गार्डाचा डबा बी त्यातच हाय!"

"बोगदा मोकळा दाखवतोय..."

तेवढ्यात पेटीने मोकळ्या बोगद्याकडे पॅसेंजर सोडलीसुद्धा. प्रितम थांबवायचं बटण शोधू लागला. ते दोन पानं मागे होतं. बयाबाईने वाट पाहिली नाही. पदर खोचून ती टेबलाला वळसा घालून धावली आणि अंगणातली कोंबडी धरावी तसं बोगद्याच्या तोंडाशी पोचलेलं इंजिन तिने वरच्या वर उचललं. चाकं तिच्या मुठीत फिरत राहिली.

भाऊंनी डोंगराचं झाकण उघडलं. आत तीन डबे अंधारात शांत उभे होते. जोडणीचा आकडा तुटला होता.

"तुम्हाला कसं कळलं?" प्रितमने विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"मोजलं. आरं लेकरा, फाटकावर इंजिनाकडं कोन बगतंय? बगायचा त्यो शेवटचा डबा. त्येच्या पाठीवर पिवळी पाटी असती, रातच्याला लाल दिवा. ती पाटी म्होरनं गेली, की गाडी पुरी गेली. पाटी न्हाई दिसली, तर मागं कुटंतरी डबं ऱ्हायलेत. तवा मागच्या गाडीला थांबवायचं, मंग साहेब वरडू दे न्हाईतर काय बी करू दे. तुज्या पेटीला इचार, गाडी पुरी आली ह्ये तिला कसं कळतं?"

प्रितमने मान खाली घातली. "इंजिन आलं की गाडी आली, असं धरलंय."

"शेवटच्या डब्यालाही चिप लाव की," रुपाली म्हणाली.

"लावता येईल. पण पेटी दोन्ही चिपा आल्यावरच रस्ता मोकळा करेल, असं आतलं गणित बदलावं लागेल. ते आम्हाला उघडता येत नाही. कंपनीला कळवतो. करतील ते, पण दिवाळीपर्यंत नाही." मग तो प्रामाणिकपणे म्हणाला, "भाऊ, तुम्हाला हे पाहिजे आहे, तर माझी पेटी घेऊ नका."

विकायला आलेला माणूस असं बोलतो, हे बयाबाईने पहिल्यांदाच ऐकलं. तिने त्याला बळेबळे जेवायला बसवलं.

*

मग रुपालीचं वायरिंग सुरू झालं. कारखान्यातून सुटली की ती थेट कुसगावला यायची आणि टेबलाखाली शिरायची. बयाबाई वडिवळ्याहून जीपने कामशेतला आणि तिथून पुढे असा प्रवास करून आठवड्यातून चारदा येऊ लागली. वायरींना रंगीत चिंध्या बांधणं, नंबर चिकटवणं, वरून तार सोडणं, ही कामं तिची. तरी कॉम्प्युटरवर तिचा राग होताच. "तू हाय म्हून करतीय," ती रुपालीला सांगायची. "त्या डबड्यासाठी न्हाई."

ऑक्टोबर लागला तेव्हा काम पुरं झालं. रुपालीने स्क्रीन लावली. चौऱ्याहत्तर तुकडे, चौऱ्याहत्तर चौकोन. इंजिन ज्या तुकड्यात जाई, तो चौकोन लाल. तीन गाड्या एकामागून एक घाट चढल्या, आपसूक अंतर राखून. भाऊंनी टाळी वाजवली. रुपालीच्या केसांत जळमटं होती आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

बयाबाई डबे ठेवायच्या फळीजवळ गेली, एक मालडबा उचलला, डोंगराचं झाकण उघडून बोगद्यात ठेवला आणि झाकण लावलं.

"आता सांग, बोगद्यात काय हाय?"

रुपालीने स्क्रीनकडे पाहिलं. चौकोन हिरवा होता.

"इंजिन वीज खातं म्हंलीस," बयाबाई म्हणाली. "मंग डबं काय खात्यात?"

डबे काहीच खात नव्हते. प्लास्टिकच्या चाकांचे डबे, त्यांना वीज कशाला लागते? रुपालीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. वायरींच्या जंजाळात ते तिच्या मनातून निसटलं होतं, इतकंच.

"उपाय आहे," ती शेवटी म्हणाली. "चाकं धातूची घालायची, आणि प्रत्येक डब्याच्या आसाला एक बारीकसा रेझिस्टर जोडायचा. मग डबाही चिमूटभर वीज खाईल. पण डबे एकशे साठ आहेत. दिवाळीला अठरा दिवस." तिने डोळे मिटले. "माझ्याच्याने नाही व्हायचं, मावशी."

"पुढच्या वर्षी दाखवू," भाऊ म्हणाले. पण शाळांची यादी त्यांच्या शर्टाच्या खिशात होती आणि त्यांचा हात तिच्यावरच होता.

बयाबाई घरी गेली ती स्वतःवर चिडून. तीन आठवडे पोरगी टेबलाखाली राबली आणि आपण एक डबा ठेवून तिचा घास कडू केला. खरं ते बोललं, पण आजच बोलायला हवं होतं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेतावर राखणीला बसली होती. भात निसवलं होतं, लोंब्यांवर चिमण्यांचे थवे उतरत होते. पत्र्याचा डबा वाजवता वाजवता तिचा हात मध्येच थांबला. तिने कंबरेचा फोन काढला.

रुपाली ड्युटीवर होती. मागे यंत्रांचा गोंगाट.

"रुपाली, अगं समद्या डब्यांला कशाला पायजे? गाडी कुटं बी तुटू दे, शेवटचा डबा मागंच ऱ्हानार ना?"

"हो..."

"मंग त्या एकालाच दिवा लाव की. लाल. खऱ्या गाडीला असतो तसा. दिवा वीज खातो का न्हाई?"

पलीकडून रुपाली इतक्या मोठ्यांदा हसली, की शेजारच्या खाचरातल्या भागुबाईने वर मान करून पाहिलं.

"मावशी! चौदा! फक्त चौदा डबे!"

"ह्येच तर म्हंते."

"आणि कॉम्प्युटरला सांगायचं, की दिवा पुढं सरकल्याशिवाय तुकडा मोकळा धरू नकोस. हे सॉफ्टवेअर मला उघडता येतं. दोन संध्याकाळचं काम आहे. मावशी, तुम्ही कुठं आहात?"

"शेतात. चिमन्या खात्यात हितं, त्येंला काय दिवा लागत न्हाई."

*

चौदा गार्डाचे डबे, प्रत्येकाला धातूची चाकं आणि मोहरीएवढा लाल दिवा. पाठीवर पिवळी पाटी, तीही बयाबाईने स्वतः नखाएवढी कापून रंगवलेली. दिव्यांच्या तारा केसाइतक्या बारीक होत्या आणि रुपालीचा हात त्यांना पुरा पडेना. तेव्हा शनिवारी दारात प्रितम उभा राहिला. हातात सोल्डरिंगची पेटी.

"कंपनीला सांगू नका," तो म्हणाला आणि बाही सरसावून बसला. दुपारपर्यंत त्याने नऊ दिवे लावले.

दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवस मजला उघडला. पहिल्या दिवशी दोन शाळा आल्या. भाऊंनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि ते प्रत्येकाला घाट समजावून सांगत होते. गाडी चढताना मागून इंजिन का लावतात, उताराला ब्रेक हातातून गेलाच तर गाडीला वळवून घ्यायला डोंगराच्या अंगाला वेगळा रूळ का ठेवतात. बटणांची काळजी नव्हती, त्यामुळे ते खुलले होते. आठ वर्षांत त्यांना असं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गर्दी जास्त होती. बयाबाई फाटकाच्या टेबलाशी टेकून, हातात चहाचा कप घेऊन, मळवलीहून आलेल्या दोन बायकांशी बोलत होती. त्यांच्यातल्या एकीची सून नुकतीच रेल्वेत लागली होती, त्यामुळे विषय रंगला होता. एकाएकी खोलीतला आवाज कमी झाला. घाट चढणारी पॅसेंजर पुलावर थांबली होती. खाली तिच्यामागची एक्स्प्रेसही थांबली.

"बंद पडलं वाटतं," एक गृहस्थ म्हणाले.

"बंद नाही पडलं," विठ्ठलभाऊ म्हणाले. "थांबलंय."

रुपालीने स्क्रीन लोकांकडे वळवली. मालगाडीचं इंजिन यार्डात पोचलं होतं, पण बोगद्याचा चौकोन लालच होता. बयाबाईने कप खाली ठेवला, जाऊन डोंगराचं झाकण उचललं. आत अंधारात दोन डबे उभे होते आणि मागच्याच्या पाठीवर मोहरीएवढा लाल दिवा जळत होता. तिने दोन्ही डबे तळहातावर घेऊन लोकांना दाखवले. पोरं पुढे घुसली, कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

डबे यार्डात गाडीला जोडून ती परत आपल्या जागी आली, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. गाडी तुटली, तेव्हा तिची पाठ होती. गाडी येत असताना तिने पाठ फिरवली होती आणि चहा पीत होती. चोवीस वर्षांत असं एकदाही घडलं नव्हतं. पोराला ताप असताना नाही, धुवांधार पावसात नाही, स्वतःचे पाय सुजले होते तेव्हाही नाही. आणि मग, ज्याचं ओझं होतं हेच तिला माहीत नव्हतं, असं काहीतरी तिच्या खांद्यावरून उतरलं. तिने कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि बसली. चहा अजून कोमट होता.

"बरं वाटत नाही का, मावशी?" रुपालीने विचारलं.

"लय बरं वाटतंय," बयाबाई म्हणाली. "म्हून तर बसलीय."

संध्याकाळी तिने वडिवळ्याला फोन लावला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयासमोर एक टेम्पो येऊन थांबला. त्यातून आळीतल्या एकोणीस बायका उतरल्या, भागुबाईसकट. भागुबाईच्या हातात पुरणपोळ्यांचा डबा होता. बायांनी घाट पाहिला, पूल पाहिले, यार्ड पाहिलं आणि कामशेतच्या टोकाशी सगळ्या जमा झाल्या. बयाबाईने फाटक पाडून दाखवलं, उघडून दाखवलं. तेवढी एक कळ रुपालीने हाताची ठेवली होती, कारण फाटक आपोआप पडायला लागलं की मावशी त्याच्याशी भांडायची.

"आन् आमचं वडिवळं कुटं हाय?" भागुबाईने विचारलं. "कामशेत आलं, मंग आपल्या गावचं धरन कुटं?"

बयाबाईने विठ्ठलभाऊंकडे पाहिलं. भाऊंनी टेबलाच्या टोकाकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग भिंतीतल्या दरवाजापलीकडच्या रिकाम्या खोलीकडे.

"दरवाजा काढला, तर अठरा फूट मिळतील," ते हळूच म्हणाले. "धरणाला पाणी खरं ठेवायचं का, एवढंच ठरवायचं."

"खरंच पायजे," एकोणीस बायका एकदम म्हणाल्या.

रुपालीने कपाळाला हात लावला. मग वाकून टेबलाखालची वायरींची पेटी ओढली आणि किती उरल्यात, ते बघायला लागली.